साकव कुणी बांधला, असं सरकारने विचारलं तेव्हा

ठाणे-डोंबिवलीला कुणी सहलीला जात नाही. तिथे माणसं राहतात, नाहीतर तिथून लवकर बाहेर कसं पडावं याचा विचार करतात. त्यामुळे "जरा ठाणे-डोंबिवली फिरून येते" असं मी घरी जाहीर केलं, तेव्हा आमच्या ह्यांनी चष्म्यावरून पाहत एवढंच विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

लग्न कुणाचंच नव्हतं. माझ्या ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांना माझं वेड ठाऊक आहे. मी जुने पूल बघत हिंडते आणि त्यांचे जुने कागद मिळाले तर वाचते. त्यासाठी निवृत्तीनंतर मोडी शिकले. त्याआधीची सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यांवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळत होता. पगार थांबला, सवय राहिली. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली तरी मी पिशवीत हात घालून टोमॅटो तपासते.

तर रंजनाचा फोन आला. रंजना माझी कॉलेजातली मैत्रीण, निवृत्त शिक्षिका, डोंबिवलीला राहते. तिचं माहेर शीळफाट्याहून कल्याणकडे जाताना आत खाडीच्या बाजूला असलेलं आगरी लोकांचं गाव. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेल. "आमचा साकव पाडायला निघालेत," ती म्हणाली. साकव म्हणजे खाडीच्या फाट्यावर ताडाचे ओंडके टाकून केलेला पायपूल. त्याच्या पलीकडे गावाच्या होड्या लागतात आणि गावाची स्मशानभूमीही तिकडेच. अलीकडची जमीन आता एका बांधकाम कंपनीने घेतली होती आणि कंपनीचं म्हणणं होतं की साकव आमच्या हद्दीतलं बेकायदा बांधकाम आहे, कधीही सरकारी नव्हतं. शुक्रवारी कल्याणला सुनावणी होती. साकव सरकारने बांधला, राखला असा कागद मिळाला तर वाट सार्वजनिक ठरणार. नाही मिळाला तर गावाला मयत घेऊन हायवेने लांबचा वळसा.

"ठाण्याला जुनं दफ्तर आहे, रस्ते-पुलांच्या दुरुस्तीचं. निम्मं मोडीत आहे. तू वाचशील ना?"

वाचेन म्हटलं, पण फोन ठेवल्या ठेवल्या डोक्यात किडा वळवळला. दिवाळीच्या शुभेच्छा पुढे ढकलण्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. ठाण्यात मोडी वाचणारी माणसं काय कमी आहेत? मग मीच का?

नाशिकहून सकाळची एसटी घेतली. महिलांना अर्धं तिकीट आहे, घाट ओलांडल्यावर चहा-वड्याला बस थांबते, वडा बरा होता, चटणीत पाणी होतं. गाडी ठाण्याच्या हद्दीत वेळेवर पोहोचली आणि मग माजिवड्याच्या अलीकडे जी थांबली ती थांबलीच. माझी भाची मृणाल घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहते. माजिवड्याहून तिच्या घरी रिक्षाने जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझं अर्धं पुस्तक वाचून झालं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: घोडबंदर रोडवर अंतर विचारू नये, वेळ विचारावी, आणि जी सांगतील ती दुप्पट करावी. रिक्षावाल्याचं मीटर मला जरा जास्तच चपळ वाटलं.

मृणालच्या बाल्कनीतून एका बाजूला येऊरचे डोंगर दिसतात आणि दुसऱ्या बाजूला खाडी. खाली गाड्यांची लाल रांग. मी तिला विचारलं, "हा रस्ता कोण सांभाळतं गं?"

"मावशी, सांभाळतं म्हणजे?" ती हसली. "इथे कोणी काय सांभाळत नाही. खड्डा पडला की आम्ही फोटो टाकतो, मग कोणीतरी येऊन त्यावर माती टाकतो, मग रिपेअर झाला असं लिहून टाकतात. तू खरंच रेकॉर्ड रूम बघायला आलीयेस? म्हणजे सिरियसली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झणझणीत मिसळ खाऊन (ठाण्यात हे करावंच, पण तर्री वेगळी मागावी) मी त्या दफ्तरात गेले. रंजना दारातच उभी होती. अर्ज तिने आधीच देऊन ठेवला होता, परवानगीसुद्धा आली होती. इतकं सुरळीत सरकारी काम पाहून मी आणखी सावध झाले. आतल्या कारकुनाने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"पुलांचे कागद? मॅडम, तुम्ही बिल्डरकडून की पेपरवाल्या?"

"मी फिरायला आलेय."

"इथे?" त्याने मागच्या रॅककडे पाहिलं. धुळीने भरलेली लाल कापडाची गाठोडी छतापर्यंत गेली होती. "बघा बाबा. एसी नाही हां इथे."

गाठोडी सोडायला घेतली तेव्हा मात्र मी सगळं विसरले. ज्यांना जुन्या कागदांचं वेड आहे त्यांनाच कळेल. कुठल्या नाल्यावरच्या मोरीला किती चुना लागला, कुठल्या पुलाचा कठडा बैलगाडीने तोडला, पावसाळ्यात कुठला रस्ता वाहून गेला आणि तो उचलून परत घालायला किती माणसं लावली, हे सगळं कुणीतरी बोरूने, मग टाकाने, मग शाईच्या पेनाने लिहून ठेवलेलं. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधात. हजेरीपट, दगडाच्या खेपा, मजुरांचे अंगठे. एका पुलाच्या नोंदीत तर "मुकादमाचा बैल आजारी, काम बंद" असंही होतं. मला अशी नोंद फार आवडते. खोटं लिहिणाऱ्याला बैलाचा आजार सुचत नाही.

दुपारी रंजनाच्या गावाचं नाव सापडलं. "खाडीवरील साकव. पावसाळ्यानंतर दुरुस्ती केली. काम समाधानकारक. अपघात निरंक." पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मोडी संपून बाळबोध सुरू झालं तरी वाक्य बदललं नव्हतं.

रंजनाने माझा हात दाबला. तिचे डोळे भरून आले होते. "सरकारीच आहे ना? लिहिलंय ना तसं?"

"लिहिलंय," मी म्हटलं. आणि पानं पुन्हा उलटू लागले, कारण नोकरीतली जुनी सवय आता जागी झाली होती. बाकी प्रत्येक पुलाला हजेरीपट होता, सामानाच्या पावत्या होत्या, मजुरांशी भांडणं होती. या साकवाला काहीच नव्हतं. ना मजूर, ना लाकूड, ना आजारी बैल. वर्षानुवर्षं एकच वाक्य. तपासणीत अशी नोंद दिसली की आम्ही पेन्सिलीने बारीक टिंब करत असू.

रंजनाला मी तेव्हा काही बोलले नाही. नकलांचा अर्ज दिला, कारकुनाने "उद्या संध्याकाळी या" म्हटलं आणि त्या खरोखरच उद्या संध्याकाळी मिळाल्या, हेही इथे नोंदवून ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाला निघालो. ठाण्याहून मुंब्रा बायपास, शीळफाटा आणि तिथून कल्याणचा रस्ता. ॲपवरून गाडी बोलावली, तर चालकाने आधी "कहाँ जाना है" विचारलं आणि डोंबिवली ऐकून ट्रिप कॅन्सल करून रोख द्यायला सांगितलं. तसं करू नका. दुसरी गाडी पाच मिनिटांत मिळते. शीळफाट्याला कंटेनर, रिक्षा, मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि मध्येच शांतपणे रस्ता ओलांडणारी गाय. तिथून पुढे दुतर्फा टॉवर, टॉवरच्या जाहिराती, आणि जाहिरातीत कुठेही नसलेली डबकी.

गाव आलं तसं गाडीतून उतरून चालत गेलो. साकवाच्या अलीकडे कंपनीचे निळे पत्रे ठोकलेले, मधून एक माणूस जाईल एवढी फट. भरती नव्हती. चिखलात तिवरांची मुळं वर आलेली, त्यातून ताडाचे काळे ओंडके काथ्याने आवळून पलीकडे गेलेले. मी वाकून बघितलं. एकही लोखंडी खिळा, एकही सरकारी दगड नाही. जे पाहून पूल ओळखायला शिकले होते त्यातलं काहीच नव्हतं.

पलीकडून एक म्हातारा येत होता, धोतराचा काष्टा खोवून, ओंडक्यांवर अनवाणी. रंजनाचे सख्खे काका. गाव त्यांना नाना म्हणतं, गावकीत त्यांचा शब्द शेवटचा. कंपनीच्या वकिलाचा सगळा भर या नानांच्याच जबाबावर होता, हे मला रंजनाने वाटेत सांगितलं. कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला, साकव कुणी बांधला विचारलं आणि नानांनी "गावाने" असं लिहून दिलं. खाली अख्ख्या गावाच्या सह्या.

माझ्या मनात एकच आलं. म्हातारा फुटला.

नानांच्या घरी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं होतं. जेवण फार उत्तम होतं, पण मला धीर निघेना. मी विचारलंच, "नाना, त्या माणसाने तुम्हाला काय दिलं?"

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. "मना कोन काय देनार? त्यानं इचारला, साकव कोनी बांदला. मी बोललो, आमी बांदला. मंग काय खोटा बोलू?"

"पण असं लिहून दिल्याने..."

"दसरा झाला का अख्खा गाव उतरतंय पान्यान. घरटी एक मानूस. कोनी ताड आनतंय, कोनी काथ्या. माजे बापसानं केला, आज्यानं केला. सरकारनं एक खिला नाय दिला आमाला! ह्येच सांगितला त्याला. तो लिवून घेत व्हता, सगला गाव सांगत व्हता. सह्या करा बोलला, केल्या."

अख्ख्या गावाने अभिमानाने, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून, स्वतःच्या वाटेवर पाणी सोडलं होतं. आमचं आम्ही केलं, हे सांगायला कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं ना! मला स्वतःच्या संशयाची लाज वाटली, पण तेवढ्याने संशय थांबत नाही. मी दफ्तरातल्या नोंदींबद्दल बोलले. मग दर वर्षी दुरुस्ती केली म्हणून कुणी लिहिलं?

"तो येवाचा ना सायब," नाना म्हणाले. "ओव्हरसियर. डोस्क्यावर टोपी. बांधावर उबा रावाचा, आमी कराचो ता बगाचा. मंग टोपलीभर चिंबोऱ्या घेवाचा नि जावाचा. तो मेला, दुसरा आला. त्याला पन चिंबोऱ्या आवरत."

मी रंजनाकडे वळले. ती पाण्याचा तांब्या भरत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"कागद माहीत नव्हता." तिने तांब्या खाली ठेवला. "पण जो माणूस दरवर्षी नुसता बघायला येतो आणि खेकडे घेऊन जातो, तो ऑफिसात जाऊन काहीतरी लिहीतच असणार ना गं? म्हणून तुला बोलावलं. दुसऱ्या कोणी मोडी वाचली असती. पण ते खोटं आहे हे ओळखून पुन्हा ते नीट, एकेक पान शोधून काढायला मला ऑडिटवालीच हवी होती."

मला राग आला. माझ्या सगळ्या नोकरीची शिदोरी तिने उलटी करून वापरली होती. मी खोटी नोंद पकडली होती, आणि आता ती खरी म्हणून द्यायची होती. "लिप्यंतरावर मी नाही सही करणार," मी म्हटलं. नाना आम्हा दोघींकडे बघत होते. त्यांना आत्ता कळलं होतं की उद्या त्यांना काय बोलावं लागणार आहे.

"सरकारनं बांदला बोलू?" ते रंजनाला म्हणाले. "तुजा बापूस कशान मेला ता इसरलीस काय?"

रंजना दुसरीत असताना तिचे वडील गेले हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. कशाने, ते मी कधी विचारलं नव्हतं. साकवाला ताड चढवताना काथ्या तुटला आणि ओंडका छातीवर आला. नाना तेव्हा दुसऱ्या टोकाला होते. भावाला त्याच अर्धवट साकवावरून पलीकडे नेलं.

त्या संध्याकाळी ठाण्याला जाऊन मी नकला घेतल्या आणि रंजनाच्या डोंबिवलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडल्या. ते वर्ष सापडायला वेळ लागला नाही. "खाडीवरील साकव. पावसाळ्यानंतर दुरुस्ती केली. काम समाधानकारक. अपघात निरंक."

मी ते पान बाजूला काढलं. "हे नको देऊया."

"एक वर्ष गाळलं की त्यांचा वकील तेच विचारेल," रंजना म्हणाली. "तू असतीस तर विचारलं नसतंस?" विचारलं असतं. तिने ते पान उचललं, गठ्ठ्यात त्याच्या जागी ठेवलं आणि कडा ठोकून सारख्या केल्या. मोडी पानांच्या लिप्यंतराखाली मी "मूळ दस्तानुसार" असं लिहून सही केली. मूळ दस्तात तसंच होतं. सहीत चूक काढायला कुणालाही जागा नव्हती आणि मला रात्रभर ती सही डोळ्यांपुढे दिसत राहिली.

शुक्रवारी कल्याण. स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा मिळते, कचेरीत लवकर पोहोचा, बसायला बाकं कमी आहेत. अधिकारी बाई तरुण होत्या, शांत होत्या, कागद खरोखर वाचत होत्या. मी इतकी वर्षं ज्यांच्या शोधात होते तसं कुणी नेमकं त्या दिवशी भेटावं! त्यांनी एका हातात नानांचा जबाब धरला, दुसऱ्या हातात आमच्या नकला.

"आजोबा, इथे तुम्ही म्हणालात गावाने बांधला. हे सरकारी रेकॉर्ड म्हणतं सरकारने. खरं काय?"

नाना धुतलेलं धोतर आणि टोपी घालून उभे होते. कंपनीचा वकील पेन उघडून बसला होता. नानांनी रंजनाकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"सरकारनं बांदला, बाय."

"आणि दरवर्षीची दुरुस्ती?"

"ती पन सरकारनं."

"मग हे गावाने बांधलं म्हणून का लिहून दिलंत?"

"म्हाताऱ्या मानसाचा बोलना," नाना म्हणाले. "फुशारकी मारली."

"म्हणजे गावाने काहीच केलं नाही?"

"नाय. आमी बांधावर उबं राहून बगत व्हतो."

वकील काहीतरी बोलू लागला, पण बाईंनी लिहायला घेतलं होतं.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. मी घाटापर्यंत झोपेचं सोंग घेऊन बसले होते, कारण शेजारच्या बाईंना "कुठे गेला होता" हे विचारायचं होतं.

महिन्याभराने निकाल आला. वाट सार्वजनिक. कंपनीने पत्रे काढावेत. शेवटी एक ओळ अशी की साकव शासकीय मालमत्ता असल्याने परवानगीवाचून कुणीही त्यास हात लावू नये, दुरुस्ती संबंधित खातं करेल. रंजनाने मला ती ओळ फोनवर दोनदा वाचून दाखवली. मी म्हटलं, जिंकलात ना, मग झालं तर.

प्रवासाचा खर्च विचाराल तर फार नाही. एसटी, रिक्षा, नकलांची फी, मिसळ. राहण्याची सोय असेल तर आठवडाभराच्या भाजीत ठाणे-डोंबिवली होतं. जुने पूल, जुने दस्त पाहायचे असतील तर अवश्य जा. दफ्तर उघडं असतं, माणसं वाटतात तितकी वाईट नाहीत. फक्त जे वाचाल त्याच्या खाली पेन्सिलीने एक बारीक टिंब करायची मनाची तयारी ठेवा. मी आता नोंदी वाचते तेव्हा मला हजेरीपटात नसलेली माणसं दिसायला लागतात. पूर्वी मी त्यांना गैरव्यवहार म्हणत असे.

हे सगळं मी उन्हाळ्यातच लिहिणार होते, पण हात चालेना. मग दसरा होऊन गेल्यावर रंजनाचा फोन आला. खात्याकडून कुणी आलं नव्हतं. पावसाने दोन ओंडके कुजले होते, म्हणून रविवारी सुट्टीचा दिवस बघून गाव गुपचूप उतरलं आणि काम करून टाकलं. मी विचारलं, नाना कसे आहेत? तर म्हणाली, गावाची पद्धत अशी की नवा साकव झाला की सगळ्यांत थोरल्या माणसाने नारळ फोडून आधी पलीकडे जायचं, मग बाकीच्यांनी. सगळे खोळंबले, म्हणून ती स्वतः बोलवायला घरी गेली. नाना ओटीवरच बसले होते.

"म्हणाले, तुमी जा," रंजना म्हणाली. "सरकारचा साकव हाय. माजा काय काम तिकरं?"